पीसी रांगतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

गणपतीला चाकरमानी कोकणात येतात तेव्हा मुंबईच्या घरातला जुना पीसी पुष्कळदा गाडीच्या डिकीतून गावच्या घरी उतरतो. ‘मुलांच्या अभ्यासाला होईल’ असं म्हणून तो ओटीवरच्या टेबलावर बसतो. वर्षभरात तो चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेऊ लागतो, सातबाऱ्याचं पान उघडता उघडत नाही, आणि मग सल्ले सुरू होतात. फॉरमॅट मार, नाहीतर नवीन घे.

दोन्ही सल्ले बहुतेक वेळा फुकट जातात. फॉरमॅटनंतर काही दिवस बरं चालतं, पण दमलेली हार्ड डिस्क, कमी पडणारी रॅम किंवा तुंबलेला पंखा जागच्या जागीच असतो. आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला. म्हणून आधी कारण शोधायचं, मग बिनपैशाचे उपाय करायचे, आणि खिशात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ चालणाऱ्या घरगुती पीसी-लॅपटॉपसाठी आहे. मेनूतले शब्द दोन्हींत थोडे इकडेतिकडे असतात, पण वाट तीच.

आधी मोजा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. आता सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील. रकान्याच्या डोक्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

पीसी चालू केल्या केल्या आकडे बघू नका. तेव्हा सगळेच प्रोग्रॅम एकदम उठलेले असतात. दहा मिनिटं थांबा आणि बघा. मग रोजचं काम सुरू करा, म्हणजे ब्राउझर, एक्सेल, टॅली जे असेल ते, आणि परत बघा.

डिस्कचा रकाना ९० ते १०० टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि खाली प्रत्यक्ष वाचन-लेखन मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच असेल, तर कारण जुनी फिरती हार्ड डिस्क. जुन्या घरगुती पीसीत हेच सगळ्यात जास्त दिसतं. मेमरी सतत ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवू लागतं, त्यामुळे डिस्कही १०० टक्के दिसते. दोन्ही एकदम वर असतील तर आधी रॅमवर संशय घ्या. सीपीयू वर असेल तर कुठला प्रोग्रॅम खातोय ते नावासकट समोरच दिसेल.

‘परफॉर्मन्स’ या पानावर तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. एक, डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (न फिरणारी, चिपवरची). दोन, मेमरीवर क्लिक केल्यावर एकूण रॅम किती आणि ‘स्लॉट्स यूज्ड’समोर काय आहे. दोनपैकी एक भरलेला असेल तर रॅम वाढवायला जागा आहे. तीन, सीपीयूचा ‘बेस स्पीड’ किती आणि काम चालू असताना प्रत्यक्ष स्पीड किती. बेस २.५ गिगाहर्ट्झ आणि भरपूर काम असतानाही प्रत्यक्षात ०.८ दिसत असेल, तर प्रोसेसर तापून किंवा वीज कमी मिळून स्वतःला आवरतोय.

आणि चारही आकडे खाली असूनही फक्त वेबसाइटच रेंगाळत असतील तर दोष पीसीचा नाही, नेटचा आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय गिळतात, त्यातही ५ गिगाहर्ट्झचा पट्टा जास्तच. राउटर पडवीत आणि पीसी मागच्या खोलीत असेल तर मध्ये लॅनची तार टाका. तार आहे तरी वेग कमी असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेटमध्ये लिंक स्पीड बघा. राउटर आणि पीसी दोन्ही गिगाबिटचे असूनही तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर बहुधा प्लगातली एखादी पिन खाऱ्या हवेने हिरवी पडलेली असते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १००ला चार पुरतात, म्हणून नेट बंद न पडता नुसतं मंदावतं. नवा प्लग क्रिम्प करून घेतला की झालं.

शटडाउन आणि रीस्टार्ट एक नव्हे

विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर शटडाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. रोज रात्री बंद होणारा पीसी टास्क मॅनेजरात ‘अप टाइम’ वीस दिवस दाखवतो तो यामुळेच. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. अडकलेले अपडेट पूर्ण होतात, ड्रायव्हर नव्याने चढतात. अर्ध्या तक्रारी इथेच संपतात म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

बिनपैशाची साफसफाई

टास्क मॅनेजरातच ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. पीसी चालू होताना आपणहून उठणाऱ्या प्रोग्रॅमची ती यादी. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’समोर ‘हाय’ लिहिलेले आधी बघा. गाणी वाजवणारं अ‍ॅप, मीटिंगची अ‍ॅप्स, गेम लाँचर, प्रिंटरचा मदतनीस, पीडीएफचा अपडेटर यांना सकाळी सकाळी उठवायची काही गरज नाही. राइट क्लिक, डिसेबल. यात प्रोग्रॅम काढला जात नाही, तुम्ही उघडाल तेव्हा तो उघडतो. आवाज, टचपॅड आणि अँटीव्हायरस यांच्या नोंदी मात्र तशाच ठेवा. नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून ‘सर्च ऑनलाइन’ने आधी माहिती काढा.

अँटीव्हायरस एकच ठेवा. मुंबईत असताना विकत घेतलेला एक, कोणीतरी घालून दिलेला दुसरा, आणि दोन्हींची मुदत संपलेली, हा प्रकार फार दिसतो. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांच्या पायात पाय घालतात. मुदत संपलेले काढून टाका. दुसरा अँटीव्हायरस नसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो, आणि घरगुती वापराला तो पुरतो.

ब्राउझरकडे वळा. क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडून मेमरी सेव्हर चालू करा. वापरात नसलेले टॅब त्याने झोपवले जातात. एज वापरत असाल तर ‘सिस्टिम अँड परफॉर्मन्स’मध्ये झोपणारे टॅब चालू आणि ‘स्टार्टअप बूस्ट’ बंद. एक्स्टेन्शनची यादी उघडून जे आठवत नाही ते काढा. कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या पीसीत व्हायरस सापडला’ असं फडफडत असेल तर बहुधा तो व्हायरस नव्हे. कुठल्याशा साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं. साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी साइट ब्लॉक करा. अशा पाटीवरच्या नंबरला फोन करू नका, कोणाला एनीडेस्कने (दुरून पीसी चालवू देणाऱ्या अ‍ॅपने) आत घेऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

सी ड्राइव्हमध्ये निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी हवी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. जुन्या विंडोजची प्रत, अपडेटचा कचरा, थंबनेल यांवर टिक करून काढा. इथे एक खड्डा आहे. याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक पडली तर डाउनलोड फोल्डरातले शाळेचे दाखले, लाइट बिलं, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सगळं एका फटक्यात जाईल. टिक नाही ना, हे डोळ्यांनी बघा आणि मगच बटण दाबा. फोटो-व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हला हलवा. लग्नाचा एक व्हिडिओ सगळ्या कचऱ्याला भारी पडतो.

अ‍ॅनिमेशन आणि पारदर्शकता बंद करणं, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेणं हेही करून घ्या. दोन मिनिटांचं काम, फरक थोडाच. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर या नावाने जे जे विकलं किंवा फुकट वाटलं जातं ते घेऊ नका. त्यातला बराचसा माल स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतो.

खारा वारा, दमट हवा आणि तुंबलेला पंखा

देशावर पीसीत कोरडी धूळ साचते, ती फुंकली की उडते. किनाऱ्यावर तसं होत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि धुळीचा चिकट थर होतो. तो पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, फटींत असा बसतो की हवा आरपार जातच नाही. प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. मालवण, गुहागर किंवा देवगडच्या खाडीकाठच्या घरात वर्षातून दोनदा सफाई हवी. एकदा मे अखेरीस, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा ऑक्टोबरात.

तापमान बघायला कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर ही फुकट साधनं आहेत. नुसता बसलेला पीसी ३५ ते ५० अंश सेल्सिअस आणि कामात ८०च्या आत असेल तर ठीक. ९५ ते १०० ला टेकत असेल तर वेग कमी होणारच.

डेस्कटॉप साफ करायचा क्रम असा:

१. शटडाउन करा, भिंतीतला प्लग काढा, मग पीसीचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते.

२. कॅबिनेट अंगणात किंवा खळ्यात न्या, पण पावसाची सर नसताना. डावीकडचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज उतरते.

३. एक इंची नवा रंगाचा ब्रश आणि हातातला ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग खराब होतं.

४. हीटसिंकच्या पात्यांमधला थर हवेने निघत नसेल तर पंखा सोडवून ब्रशने काढा. चिकट डागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून फिरवा. ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं असेल तर त्यात पाणी असतं, मग किमान दोन-तीन तास पंख्याखाली वाळू द्या.

५. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा, डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जोरदार झटका देऊ शकतात. बाहेरूनच जाळीतून हवा मारा.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नका. दाब भयंकर असतो आणि हवेसोबत पाणी-तेल येतं. व्हॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डला लावू नका, स्थिर वीज तयार होते. रॉकेल आणि खोबरेल तेल बोर्डवर नकोच, धूळ दुप्पट चिकटते.

साफ करूनही तापत असेल तर बहुधा थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळली आहे. पाच-सहा वर्षांच्या पीसीत ती खडूसारखी झालेली असते. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यावर मटारच्या दाण्याएवढीच ठेवायची. जास्त लावली तर थंडावा वाढत नाही, कडेने बाहेर येऊन घाण तेवढी होते. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा, बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दाबा. एक खुंटी अर्धवट बसली की हीटसिंक तिरका राहतो आणि पीसी आधीपेक्षा जास्त तापतो. एएमडीच्या एएम४ बोर्डावर वेगळी भीती आहे. पेस्ट वाळलेली असताना हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा.

लॅपटॉपचा पंखा उघडणं नवख्याचं काम नाही. तो दुकानात द्या. घरी एवढंच करा की गादीवर, उशीवर ठेवून चालवू नका. खालच्या जाळ्या बंद होतात.

आता सांध्यांबद्दल. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर येतो आणि पीसी चालू होताना नुसता बीप देतो किंवा मधेच अडकतो. रॅम काढा, मऊ पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने एकदाच पुसा, चुरा झटका, अल्कोहोलच्या बोळ्याने टिपा आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. घासत बसू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

हार्ड डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल हाही असाच लपलेला चोर. तिच्या टोकाला गंज आला की डिस्ककडून आलेला माल वाटेत बिघडतो, पुन्हा मागवावा लागतो, आणि पीसी मंदावतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. त्यात सी७ क्रमांकाची ओळ, म्हणजे सीआरसी एरर, दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क नव्हे, आधी केबल बदला. ०५, सी५ किंवा सी६ या ओळींत शून्याऐवजी आकडा असेल आणि वर ‘कॉशन’ दिसत असेल तर मात्र डिस्कच जायला लागली आहे. बाकी सगळं सोडा, त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा.

लॅपटॉपच्या चार्जरची पिनही तपासा. काही लॅपटॉपांना चार्जर ओळखण्यासाठी मधली बारीक पिन असते. ती गंजली की बॅटरी चार्ज होत नाही आणि लॅपटॉप वीज जपण्यासाठी प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतो. मघाशी लिहून ठेवलेला ०.८ गिगाहर्ट्झचा आकडा इथून आलेला असू शकतो. चार्जर काढून निव्वळ बॅटरीवर वेग वाढतोय का ते बघा. वाढला तर चार्जर दोषी.

पावसाळ्यातली शिस्त

जून ते सप्टेंबर पीसी महिनामहिना बंद ठेवणं सगळ्यात वाईट. रोज किंवा एक दिवसाआड तासभर तरी चालवा, त्याच्याच उष्णतेने आतला ओलावा उडतो. प्लास्टिकचं आवरण घालून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापड टाका आणि चालू करताना आठवणीने काढा. कॅबिनेट जमिनीवर नको, भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून निदान फूटभर वर. मागच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यांच्या जागी पत्रे लावून घ्या. मुंग्या आणि पाली उबेला तिथूनच शिरतात, आणि एसएमपीएसमध्ये पाल चिकटली की सगळंच बंद. लॅपटॉप चालवत नसाल तर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला.

विजेचं म्हणाल तर कमी-जास्त दाबाने पीसी थेट संथ होत नाही. पण लाइट धाडकन गेली की चालू असलेलं लिखाण अर्धवट राहतं, फाइल सिस्टिम बिघडते, आणि फिरत्या डिस्कवर खराब जागा पडू शकतात. मग पीसी त्या जागा वाचायचा प्रयत्न करत ताटकळतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घरगुती डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, नीट बंद करायला तेवढी पुरतात. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागची कळ ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज पालटायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो.

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतंच उरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीचा वेग हा नंतरचा प्रश्न आहे. गडगडाट सुरू झाला की भिंतीतला प्लग तर काढाच, राउटरची आणि लॅनची तारही काढा. वीज तिथूनही आत येते.

लाइट जाऊन-येऊन झाल्यावर पीसी रेंगाळू लागला तर धिस पीसी उघडून सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. फिरत्या डिस्कवर याला तास-दोन तास लागू शकतात. मधे बंद करू नका, म्हणून लाइट टिकणाऱ्या वेळी करा. आणि सुरू करण्याआधी बॅकअप घ्या. डिस्क मरायला टेकली असेल तर ही तपासणीच तिला शेवटचा धक्का देते.

पैसे खर्च करायचे तर इथे: एसएसडी

फिरत्या डिस्कमधून सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १०० ते १५० एमबीचा वेग मिळतो. पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली इथून-तिथून उचलाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी डिस्कचा काटा जागा बदलतो. तिथे वेग कोसळून सेकंदाला एमबीभरावर येतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साटा एसएसडी सलग वाचनात ५०० एमबीच्या आसपास जाते, आणि बारक्या फाइलींत फिरती डिस्क तिच्या जवळपासही येत नाही. तीन मिनिटांत उठणारा पीसी अर्ध्या मिनिटात उठतो. दहा वर्षांच्या पीसीलाही हा एक बदल पुरतो. प्रोसेसर बदलण्याचा विचार डोक्यातून काढा.

जुन्या पीसीला अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ती जवळजवळ सगळ्यांत बसते. बोर्डावर एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल तर बोर्डाच्या पुस्तिकेत ती एनव्हीएमई घेते की फक्त साटा, ते बघून मगच घ्या. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. २४०-२५६ जीबी विंडोज आणि रोजच्या कामाला पुरते, परवडत असेल तर दुप्पट घ्या. वॉरंटी तीन ते पाच वर्षांची असावी. नाव नसलेली आणि कवडीमोलाने मिळणारी दोन टीबीची एसएसडी ऑनलाइन दिसली तर ती खोटी समजा. आकडा मोठा दाखवतात, आत मेमरी भलतीच छोटी असते.

बसवण्याच्या दोन वाटा आहेत. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर क्लोन करा, म्हणजे तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवा. साटा-टू-यूएसबी ३.० केबलने एसएसडी बाहेरून जोडा, एसएसडी कंपनीचंच क्लोनिंग सॉफ्टवेअर मिळतं का ते बघा, नाहीतर क्लोनझिला फुकट आहे. क्लोनझिला स्वतःहून मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर उतरवत नाही, म्हणून एसएसडी लहान असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअरच बरं. कुठून कुठे हे निवडताना डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा. उलट झालं तर रिकामी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग रडून उपयोग नाही. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे कुठून चालतंय याचा घोळ होत नाही.

डिस्क आजारी असेल किंवा विंडोजमध्ये वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर कोरं विंडोज घाला. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि त्याने विंडोज पेन ड्राइव्हवर घ्या. डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्याने तो जात नाही. परवाना मागण्याच्या पडद्यावर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आणि आधी होती तीच आवृत्ती घाला. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर जुन्या डिस्कवरचं काहीही उघडणार नाही.

एसएसडी लागल्यावर डीफ्रॅगचे (विखुरलेल्या फाइली जुळवणारे) प्रोग्रॅम चालवू नका. विंडोज लागेल ते स्वतः करतं.

रॅम

४ जीबी असेल तर ८ करा. ८ असून रोज ब्राउझरात वीस टॅब आणि टॅली असेल तर १६. त्याहून जास्त घरात लागत नाही. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे वाद नको. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन पट्ट्या जास्त वेग देतात, कारण प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे वाढवता येत नाही. खरेदीआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये ६४-बिट लिहिलंय ना ते बघा. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

विंडोज १० आणि फार जुने पीसी

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मुंबईहून आलेला २०१५-१६ चा पीसी यात बसत नाही. आडमार्गाने ११ घालून देणारे भेटतील, पण पुढचं अपडेट अडलं की तेच फोन उचलणार नाहीत.

अशा पीसीला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती द्या. ४ जीबी रॅम आणि एसएसडीवर ती छान पळते. पेन ड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते, प्रिंटर आणि वायफाय ओळखतंय का ते आधीच कळतं. ब्राउझर, लिबरऑफिस आणि युनिकोड मराठी टायपिंग सगळं आहे. टॅली आणि मराठी टायपिंगचं श्रीलिपी मात्र तिथे थेट चालत नाहीत. बागेचा किंवा होमस्टेचा हिशेब टॅलीत असेल तर विंडोजलाच राहावं लागेल.

पीसीचं घड्याळ रोज मागे पडत असेल आणि साइट ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नसतील, तर बोर्डावरची सीआर२०३२ ची नाण्याएवढी बॅटरी बदला. घड्याळाच्या दुकानात मिळते, लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायची. आणि एसएसडी लावल्यावर निघालेली जुनी डिस्क तपासणीत ठीक निघाली असेल तर टाकू नका. अडीच इंची असेल तर यूएसबीच्या डब्यात घाला, साडेतीन इंची असेल तर स्वतंत्र अडॅप्टरचा डबा लागतो. फोटोंची दुसरी प्रत ठेवायला ती पुरते, फक्त ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.